वाकडी पेटी

भावाने करवत आक्काच्या पायाशी टाकली. दिली नाही, टाकली. पातं फरशीवर आपटून थरथरत राहिलं आणि हळूहळू गप्प झालं.

"धार लावून ठेव गं हिला. तो हॉटेलवाला येणार आहे बघायला, जरा चकाचक दिसू दे," असं म्हणून तो मशीनकडे वळला.

"धार बघायला येणार आहे का चकाकी?"

"तुला काय करायचंय? तू लाव."

त्यांचा म्हातारा बाप असताना असं होत नसे. करवत दुसऱ्याला द्यायची तर मूठ त्याच्याकडे आणि दाते आपल्याकडे, हा त्याचा नियम. मूठ दिली म्हणजे समोरच्याला कारागीर मानलं, असं तो म्हणे. माणूस गोड होता अशातला भाग नाही. चांगलाच तिरसट होता, आणि चहा गार झाला तर कप तसाच परत पाठवायचा. पण हत्यार देण्याघेण्यात त्याने कधी कुणाचा अपमान केला नाही. आक्का सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली, तेव्हा गावाने तोंडाला येईल ते बोलून घेतलं. म्हाताऱ्याने एकच केलं. दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात बसवलं, तिकोनी कानस हातात दिली आणि सांगितलं, "दाता दुखवू नकोस. त्याला जेवढं पाहिजे तेवढंच घास."

तेव्हापासून घरातली प्रत्येक करवत तिच्या हातची. एक दाता डावीकडे, एक उजवीकडे, केसभर फाकवायचा, म्हणजे पातं लाकडात अडकत नाही. मग कानस प्रत्येक दात्यावरून एकाच दिशेने न्यायची. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते आणि डाव्या अंगठ्याचं नख कायमचं चिरलेलं होतं. म्हातारा कापायचा, ती दुसरं टोक धरायची. पुढे पुढे ती कापायला लागली आणि म्हातारा टोक धरायला लागला. हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण खिडक्यांच्या चौकटींना पट्टी बसवायला म्हातारा जायचा आणि वाहवा तोच घेऊन यायचा. तिच्या जिभेमुळे गल्लीत तिलाही करवत म्हणत. तिला त्याचं काही वाईट वाटत नसे.

म्हातारा गेला आणि भावाने शहरातून मशीन आणलं. टेबलाच्या मधोमध फिरणारी पोलादी चकती, आणि आवाज असा की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काम मात्र भराभर होई, ते नाकारून चालणार नाही. दिवसभराचं कापायचं तासाभरात. फक्त चकतीचे दाते झिजले की तिला धार लागत नसे. निदान गावात कुणाला लावता येत नसे. ती काढून टाकायची आणि नवी आणायची. कोपऱ्यात बोथट चकत्यांची थप्पी लागली होती. वहिनी त्यातली एक पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवायची.

हॉटेलवाला आला तो दुपारी. हमरस्त्यावर त्याने नवं हॉटेल काढलं होतं आणि त्याची टेबलं-बाकं भावाकडे आली होती. मोठं काम होतं. पोटऱ्या उघड्या टाकणारी अर्धी चड्डी घातलेला, हसरा, सुटलेला माणूस. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हाताऱ्याची हत्यारं बघून त्याने हात जोडले.

"अहो, काय माल आहे हा! ही बघा मूठ. माणसाच्या हाताने झिजलीय. ही वस्तू आता पैसे टाकून मिळत नाही."

मूठ खरंच झिजलेली होती. पाठीला पितळी पट्टी असलेली ती बारीक दात्यांची करवत, तिच्या मुठीला दोन खळगे पडले होते. मोठा खळगा म्हाताऱ्याच्या तळव्याचा. लहान खळगा कुणाचा हे हॉटेलवाल्याने विचारलं नाही.

"आणि हे काय?"

"कोनपेटी," भाऊ म्हणाला. "वरून उघडी, तीन फळ्यांची. पट्टी आत ठेवायची आणि या खाचांतून करवत चालवायची, म्हणजे तिरका काप मिळतो. चौकटीच्या कोपऱ्यासाठी. पण ही वाकडी आहे. मी गुण्या लावून कोन बघितला. दोन्ही खाचा चुकल्यात. बाबांनी आयुष्यभर काय केलं देव जाणे."

"वाकडी तर वाकडी. भिंतीवर झकास दिसेल."

आक्का तोवर कानस चालवत होती. ती उठली.

"भाऊ, हत्यारं मला पाहिजेत."

"कुठली?"

"पाठीची करवत आणि पेटी. बाकीचं सगळं घे. जागा घे, घर घे, मशीन तुझंच आहे. हे दोन मला."

भाऊ हॉटेलवाल्याकडे बघून हसला, जसं काही घरातल्या पोराने पाहुण्यासमोर हट्ट धरला. "आक्का, तू काय करणार त्यांचं? दुसरं काही माग. शिलाईचं मशीन घेऊन देतो."

"मला शिवता येत नाही. मला कापता येतं."

"बाबांची हत्यारं आहेत ती. घरची आहेत. एकट्या तुझी कशी?"

"मग एकट्याने देऊन कसा टाकतोस?"

हॉटेलवाल्याने घड्याळ बघितलं. वहिनीने आतून भावाला हाक मारली, आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आक्का गावच्या दवाखान्यात कामाला गेली होती. पावसाळाभर गळक्या पन्हळीचं पाणी खिडक्यांवर पडून चौकटीभोवतीच्या खालच्या पट्ट्या कुजल्या होत्या. म्हाताऱ्याने बसवलेल्या, कडेला गोलाई काढलेल्या सुंदर पट्ट्या. उभ्या पट्ट्या आणि वरची पट्टी धड होती, फक्त खालची बदलायची होती. कुजलेलं लाकूड पटाशीने उकरता उकरता तिच्या केसांत, नाकात भुगा गेला. परत आली तेव्हा कारखान्याच्या भिंतीवर नुसते खिळे होते. करवतीच्या जागी करवतीच्या आकाराचा स्वच्छ डाग, पेटीच्या फळीवर पेटीएवढी धूळ नसलेली जागा.

तिने रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं. मग तिने मशीनचं बटण बंद केलं. भाऊ दचकला.

"कुठे आहेत?"

"आक्का, ऐक. फुकट नाही दिली. त्याने सगळी टेबलं आपल्याला दिलीत, तो आपला मान ठेवतो तर आपण नको ठेवायला? आणि भिंतीवर राहतील, येणारे-जाणारे बघतील. बाबांचं नाव होईल."

"बाबांचं नाव खिडक्यांवर आहे. भिंतीवर मेलेल्यांचे फोटो लावतात."

"तुझ्या तोंडाला लागायला मला वेळ नाही," असं म्हणून त्याने बटण परत चालू केलं. त्या आवाजात ती जे बोलली ते तिचं तिलाच ऐकू आलं. चांगलं नव्हतं.

तिला राग आला होता आणि राग आल्याचं तिने लपवलं नाही. भांडी आपटली, भाजीत मीठ टाकायचं विसरली, वहिनीने विचारलं तर "भिंतीवरून घे काढून" म्हणाली. पण रागापेक्षा खोल काहीतरी रुतलं होतं. तिच्या मालकीचं म्हणून जगात काही असेल तर ते मुठीवरचा तो लहान खळगा होता, आणि तो आता कुणाच्या तरी ताटावर टांगलेला होता.

पट्ट्या मशीनवर कापून भाऊ आणि ती दवाखान्यात गेले. पहिल्या खिडकीला भावाने पट्टी लावली. डाव्या कोपऱ्यात आतल्या बाजूने फट. उजव्या कोपऱ्यात बाहेरच्या बाजूने फट. त्याने पट्टी काढली, रंध्याचा एक हात मारला, परत लावली. आता दोन्हीकडे फट. बाहेर पेशंट बसले होते, त्यांना दुसरं काही बघायला नव्हतं, म्हणून ते हे बघत होते.

"जुनं लाकूड वाकलंय," भाऊ म्हणाला. "फटीत लांबीचा लगदा भरू."

नर्सबाई बँडेजचा डबा घेऊन चालली होती. ती थांबली. "मागे एकाने लांबीच भरली होती. ती पडली, पाणी आत गेलं, म्हणून तर कुजलं. तुमच्या वडिलांचे कोपरे बघा. नख जात नाही." तिने खरंच वरच्या कोपऱ्यावर नख फिरवून दाखवलं. टोचून बोलायचा तिचा हेतू नव्हता, पण भावाचे कान लाल झाले.

त्याने नवी पट्टी कापून आणली. तीही तशीच. तिसरी. तशीच. ते जुनं सागवान होतं, मोजकंच उरलं होतं, आणि त्यातल्या तीन पट्ट्या आता चुलीच्या लायकीच्या झाल्या होत्या. बाकावरचा एक म्हातारा पेशंट म्हणाला, "आमचा नंबर लागेल, पण या खिडकीचा काही लागत नाही आज." लोक हसले. भाऊ पट्टी टाकून बाहेर जाऊन उभा राहिला.

आक्का त्याच्या मागे गेली. "तुझं मशीन बरोबर आहे," ती म्हणाली. "तीच अडचण आहे."

"म्हणजे?"

"बाबांनी ती पेटी पोरवयात केली. पहिली खाच कापताना हात सरकला, खाच जरा जास्त तिरकी गेली. लाकूड टाकवेना. मग त्यांनी समोरची खाच तेवढीच कमी तिरकी केली. एक पोर वाकडं निघालं म्हणून दुसऱ्याला त्याच्या जोडीचं केलं. पट्टीचं डावं टोक या खाचेत, उजवं टोक त्या खाचेत. कुठल्याही कोपऱ्यात एक असं आणि एक तसं येतं, आणि दोन मिळून काटकोन होतो. गावातली प्रत्येक चौकट तशी आहे. तू सरळ काप घेऊन वाकड्याच्या शेजारी बसवतोयस. कसा बसेल?"

भावाने चपलेने माती उकरली. "हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी पेटीपाशी बसलास?"

"मग मशीनचा कोन बदलतो तेवढा."

"बदल. दिवसभर बदलत बस. पेटी आणलीस तर एका कापात होईल."

"मी मागायला जाणार नाही. दिलेली वस्तू परत मागायची? टेबलांचं काम जाईल. आणि तुला एवढं माहीत आहे तर नवी पेटी कर ना."

"करता येईल," आक्का म्हणाली. "दुपारपर्यंत होईल. पण का करू? एक आहे माझी."

घरी वहिनी उंबऱ्यातच उभी होती. तिच्या कानावर सगळं आलं होतं. "आक्का, एक सांगते, राग मानू नका. हॉटेलवाल्याशी वाकडं घेतलंत तर या घरात खायचे वांधे होतील. तुमचं एकटीचं पोट आहे, आमची चार आहेत."

भाऊ तिच्या मागून म्हणाला, "तिथून पेटी काढलीस ना, तर या दारात परत यायचं नाही. सांगून ठेवतो."

"मागच्या दाराने येईन," असं म्हणून आक्का आत गेली. पण त्या संध्याकाळी ती न जेवता खोलीत बसली. तिची ट्रंक अजून तीच होती, आणि ती उचलून जायला दुसरं दार नव्हतं. तिने ट्रंक उघडली, आतलं बघितलं, आणि परत बंद केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खांद्यावर दवाखान्याची खुणा केलेली लांब पट्टी घेतली, पिशवीत स्क्रूड्रायव्हर टाकला, आणि जाता जाता पिंपावरचं झाकण उचलून पोत्यात गुंडाळलं. वहिनी ओरडली, "अहो, झाकण कुठे नेताय?" आक्काने वळून बघितलं नाही.

हॉटेल जेवणाच्या वेळेचं भरलेलं होतं. भिंतीवर म्हाताऱ्याची हत्यारं रांगेने लावली होती, आणि सगळ्यांना जाड व्हार्निश फासलं होतं. करवतीच्या दात्यांत व्हार्निशचे थेंब वाळून मधासारखे चिकटले होते. पेटी तळातून दोन स्क्रू मारून भिंतीला आडवी ठोकली होती, आणि खाचांत कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं खोचली होती.

तिने एक खुर्ची ओढली. खुर्चीवर चढली. तिच्याखालच्या टेबलावर एक जोडपं जेवत होतं. "जरा ताटं सरकवा," ती म्हणाली, आणि त्यांनी सरकवली.

हॉटेलवाला गल्ल्यावरून धावत आला. "अहो ताई, अहो, काय करताय?"

"माझं हत्यार काढतेय."

"तुमच्या भावाने दिलंय मला!"

"त्याचं असतं तर त्याने द्यावं. बाजूला व्हा, स्क्रू पडेल डोळ्यात."

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. त्यांच्या चौकीच्या खिडक्या याच पेटीतल्या आहेत."

लोक जेवायचे थांबले. एका कोपऱ्यात कुणीतरी हसलं. खुर्ची डगमगत होती, पण हाताला सवय होती, हात थांबला नाही. दोन्ही स्क्रू निघाले. तिने फुलं उपसून जोडप्याच्या टेबलावर नीट ठेवली. करवत खिळ्यावरून उतरवली. मग ती खाली उतरली, टेबलांच्या मधल्या जागेत फरशीवर मांडी घालून बसली, आणि पिशवीतून रॉकेलचं फडकं काढून दात्यांवरचं व्हार्निश खरवडायला लागली. जिथे फडकं चालेना तिथे चिरलेलं नख चालवलं.

"इथे? इथे बसून काय?" हॉटेलवाल्याचा आवाज आता खाली आला होता.

"काप घेते. चालतंय का बघायला नको? तुम्ही भोकं पाडलीत तिला."

तिने पट्टी पेटीत ठेवली, गुडघ्याने दाबली, करवत खाचेत टेकवली. तळवा मुठीवर बसला, तीन बोटं लहान खळग्यात आपोआप गेली, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ झाली. तिने एकदा मागे ओढली, मग पुढे. व्हार्निश चरचरलं, करवत अडखळली, आणि दोन-चार हातांनंतर मोकळी झाली. बारीक, सारखा आवाज सुरू झाला. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही. या आवाजात सगळं ऐकू येत होतं: पाठीमागे कुणीतरी चमचा ठेवला, एक बाई हळूच म्हणाली, "माझे आजोबा असंच करायचे." सागाचा पिवळा भुसा फरशीवर पडला आणि जेवणाच्या वासात लाकडाचा वास मिसळला. आक्काला रडू येईल असं वाटलं, पण तिने त्याऐवजी पट्टी सरकवली आणि दुसऱ्या खाचेत दुसरं टोक कापलं.

मग ती उठली, पोतं सोडलं आणि बोथट चकती काढली. खुर्चीवर परत चढून तिने ती रिकाम्या खिळ्याला टांगली. चकतीच्या मधल्या भोकात खिळा नेमका बसला.

"भिंतीवर टांगायचंच असेल तर हे टांगा," ती म्हणाली. "हे आता कशालाच येत नाही. बाकीची हत्यारं राहू देत, ती मी भावाला सोडलीत. ही दोन सोडली नव्हती."

हॉटेलवाल्याने चकतीकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं. "तुमच्या भावाशी बोलतो मी," तो म्हणाला.

"बोला."

"निदान भुसा तरी झाडून जा."

हे बोलणं रास्त होतं. तिने केरसुणी मागून घेतली, भुसा झाडला आणि गेली.

दवाखान्यात पट्टी पहिल्या झटक्यात बसली. तिने बाजूने हातोडीच्या लाकडाने ठोकलं, कोपरे मिटले. नर्सबाईने येऊन नख फिरवलं आणि चहा पाठवला. आक्काने आणखी पट्ट्या मोजून खुणा केल्या, दवाखान्याच्या पायरीवरच बसून कापल्या, आणि अंधार पडायच्या आत घरी गेली. मागच्या दाराने नाही, पुढच्याच. भाऊ दारात होता. तो बाजूला झाला नाही, तिने खांद्यावरच्या पेटीने त्याला थोडं ढकललं, आणि मग तो झाला.

हॉटेलवाल्याने टेबलं घेतली पण बाकांचं काम दुसरीकडे दिलं. ते नुकसान खरं होतं. वहिनी आक्काशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची पण ठेवताना आवाज करायची. आक्का ते ताट जेवायची आणि घासून ठेवायची. करवत आणि पेटी तिने कारखान्याच्या भिंतीवर नाही लावली. आपल्या खोलीत ट्रंकेवर ठेवली. भाऊ मशीनवर काम करी, ती अंगणात.

भाऊ एकटाच दवाखान्यात जाऊन आला हे तिला नर्सबाईकडून कळलं. प्रत्येक खिडकीपाशी थांबला म्हणे, आणि प्रत्येक कोपऱ्यात नख घालून बघितलं.

मग शाळेचं काम आलं. फळ्यांच्या चौकटी, काचेच्या कपाटांच्या कडा, सगळं म्हाताऱ्याच्या हातचं, सगळं खालून कुजलेलं. भाऊ सकाळी अंगणात आला. आक्का तिकोनी कानस घेऊन पाठीच्या करवतीच्या दात्यांवर वाकली होती. त्याने नखाने खांब खरवडला, तो खाकरला.

"करवत दे जरा."

तिने मान वर केली नाही. "कुठली?"

"ती. बाबांची."

कानस चालू राहिली.

"घरची," तो म्हणाला.

कानस चालू राहिली. आतून वहिनीने भांड्यांचा आवाज थांबवला होता.

"आक्का, शाळेत लोक थांबलेत."

"मग माग की. मी कुठे नाही म्हणते?"

भावाने घराकडे बघितलं, मग मशीनकडे, मग तिच्या चिरलेल्या नखाकडे.

"तुझी करवत दे," तो म्हणाला.

तिने शेवटचा दाता घासून पुरा केला. पात्यावर फुंकर मारली. मग करवत उलटी करून दाते स्वतःकडे घेतले आणि मूठ त्याच्यापुढे केली.

"परत देताना अशीच दे," ती म्हणाली.